शिंद्यांची बाजू कोण घेणार?

गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या किल्ल्यांचे परीक्षण करायला आलेले एक सन्माननीय गृहस्थ पाणी प्यायला म्हणून आमच्या सोप्यावर टेकले. बाहेर अंगणात पोरांचा राजगड उभा होता. गोणपाटावर थापलेली लाल माती, तिच्यावर तरारलेली नाचणी, पायथ्याशी मातीची चित्रं, सगळे यथासांग. सोप्यावर मात्र टेबल-टेनिसचे जुने टेबल, त्यावर हिरवी बनात, निळ्या कापडाच्या दोन नद्या आणि बोटाच्या पेराएवढे पाचएकशे शिपाई. गृहस्थांनी चष्मा सावरला.

"हा कोणता किल्ला?"

"किल्ला नव्हे. असईची लढाई. २३ सप्टेंबर १८०३."

"म्हणजे आपण हरलो ती?"

"अजून हरलेलो नाही. आत्ता कुठं दुपारचे तीन वाजलेत."

हे उत्तर त्यांना रुचले नसावे. बक्षीस समारंभात त्यांनी आम्हाला जाता जाता एक टोला हाणला. काही सुशिक्षित मंडळी उतारवयात बाहुल्या खेळतात, आणि खेळतात त्याही मराठ्यांच्या पराभवाच्या; इतिहास ही पूजेची गोष्ट आहे, खेळण्याची नव्हे, असे ते म्हणाले. टाळ्या पडल्या. नाव त्यांनी घेतले नाही, पण गल्लीत सुशिक्षित बाहुलीवाला मी एकटाच. तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

आधी हा खेळ काय आहे ते सांगतो, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी तो पाहिलेला नव्हता. इंग्रज त्याला वॉरगेमिंग म्हणतात. इतिहासातली एक लढाई निवडायची, तिची भूमी टेबलावर उभारायची, दोन्ही सैन्ये प्रमाणात मांडायची. माझ्याकडे एक शिपाई म्हणजे खरे तीस. चाल फूटपट्टीने मोजायची. चिखलातून, नदीतून जाताना ती निम्म्यावर येते. बंदुकीचा पल्ला ठरलेला, तोफेचा ठरलेला. गोळा लागला की नाही हे फाशांवर. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम धीराचा. पलटणीतले अमुक इतके पडले, बाजूची पलटण मागे फिरली, सरदार दिसेनासा झाला, की फासे टाकून पाहायचे की ही माणसे आता उभी राहतात की पळतात. तुम्ही सेनापती असलात तरी तुमचे शिपाई तुमचे ऐकतीलच असे नाही. मला वाटते, शाळेत चाळीस वर्षे इतिहास शिकवून जे मला मुलांच्या गळी उतरवता आले नाही, ते हा एक नियम अर्ध्या तासात उतरवतो.

हे 'साहेबाचे खूळ' आहे, असाही एक आरोप. असेना! पण मुळाशी गेलात तर घरचेच निघेल. आपले चतुरंग फिरत फिरत युरोपात बुद्धिबळ झाले. १७८० मध्ये हेलविग नावाच्या जर्मन पंडिताने त्याच बुद्धिबळाचा पट मोठा करून त्यावर लढाई बसवली. पुढे राइसविट्झ बापलेकांनी चौकोन काढून टाकले आणि खऱ्या नकाशावर खेळ आणला. लेकाचे नियम १८२४ साली प्रशियाच्या सेनेने उचलले. त्याचा करमणुकीचा अवतार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकातून लोकांसमोर मांडला. शिपाई खेळण्यातले, तोफ स्प्रिंगची, आणि सेनापती जमिनीवर पालथे पडून नेम धरणारे प्रौढ गृहस्थ. तेव्हा उतारवयाची लाज मला कोणी शिकवू नये. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचे 'वॉर गेम्स' आले आणि इंग्लंडात गावोगाव टेबले मांडली जाऊ लागली. माझे शिपाई तिकडचेच आहेत, एका जुन्या विद्यार्थ्याने आणलेले प्लॅस्टिकचे. नेपोलियनच्या काळच्या त्या फिरंग्यांच्या टोप्या कानशीने घासून त्यांवर एम-सीलच्या पगड्या मी बसवल्या. एका पलटणीला दोन महिने लागतात. बायको म्हणते, एवढ्या निगुतीने कधी भिंत रंगवली असतीत तर! असो.

आता मुख्य मुद्दा. इतिहास पूजेसाठी आहे, हे मला मान्य नाही. पूजेत देव कधी हरत नाही, आणि भक्ताला कधी निर्णय घ्यावा लागत नाही. अंगणातला राजगड मलाही प्रिय आहे. त्याला जन्मभर हात लावलेत. पण त्या किल्ल्यावर कधी वेढा पडत नाही. चार दिवस महाराज सिंहासनावर, मावळे पायऱ्यांवर, आणि पाचव्या दिवशी पाण्याची बादली. शत्रू त्यात नसतोच. शत्रूशिवाय शौर्य कसले मोजता?

असईचीच गोष्ट घ्या. आज ते गाव जालना जिल्ह्यात आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांचा तळ. शिंद्यांचे कवायती पायदळ दहा हजारांवर, त्यांचा सेनानी पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन, तोफा शंभराच्या आसपास. समोर वेलस्लीचे प्रत्यक्ष लढणारे सैन्य सुमारे साडेचार हजार. वाटाड्यांनी सांगितले, पुढे नदीला उतार नाही. वेलस्लीने पाहिले, दोन काठांवर दोन गावे समोरासमोर आहेत, पिंपळगाव आणि वरूड. मग या गावांत येणेजाणे कशावरून नसेल? उतार असणारच. तो तिथेच उतरला आणि तळाच्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला.

पाठ्यपुस्तक इथे 'इंग्रजांची चतुराई' लिहून मोकळे होते. पुढे काय झाले ते आपण पोरांना सांगत नाही. शिंद्यांच्या पलटणींनी तोफांसकट सबंध फळी काटकोनात वळवली, वेलस्लीच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी झपाट्याने. हे काम किती अवघड आहे हे मला पुस्तक वाचून कळले नव्हते. टेबलावर फूटपट्टी हातात घेऊन तीनशे साठ शिपाई वळवताना कळले, आणि कवायत शिकलेल्या त्या अनाम माणसांबद्दल जो आदर वाटला तो कुठल्या पोवाड्याने दिला नव्हता. वेलस्लीचे ४२८ ठार आणि हजारावर जखमी झाले. म्हातारपणी त्याला कोणी त्याची सर्वोत्तम कामगिरी विचारली, तर त्याने वॉटर्लू नव्हे, असई सांगितली. ज्यांचे नाव त्याने एवढ्या मानाने घेतले, त्यांना आपण 'हरले' या एका शब्दात पुरून टाकतो. यात अपमान कोण करतो, मी की परीक्षक?

आणि 'आपण' म्हणजे नेमके कोण, तेही एकदा ठरवावे. वेलस्लीच्या पायदळात मद्रासचे शिपाई भरलेले. त्याच्या पिछाडीला म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार. ज्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, आणि सरकारी पाटीवर २०१४ पासून गावाचे नाव वेगळे असले तरी जिथे आम्ही मराठीत जगतो, तिथे तरी 'आपली' बाजू नकाशावरच्या रेघेइतकी सोपी नसते हे कोणाला सांगावे लागू नये.

दुसऱ्या बाजूने माझे एक पुरोगामी मित्र येतात. त्यांचे म्हणणे, मृत्यूचा खेळ करणे हीच विकृती. या आरोपाला मी हसून उडवत नाही. टेबलावर रक्ताचा वास येत नाही, मेलेला शिपाई उचलून डब्यात ठेवता येतो, हे खरेच आहे. रात्री उशिरा डबा बंद करताना कधीकधी माझ्याही मनात ते येते. वेल्स यांनी तर बजावलेच होते की खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध किती बरे. पण दुसऱ्याच वर्षी, १९१४ साली, मोठे युद्ध पेटले. खेळाने युद्ध थांबत नाही. मात्र युद्धाची ओढ ज्यांना असते ते फासे टाकत बसत नाहीत, ते भाषणे करतात. आमच्या गल्लीतले निवृत्त सुभेदारसाहेब टेबल पाहून एवढेच म्हणाले, "मास्तर, हे तर आमचं सँड मॉडेल की हो." आणि मग बराच वेळ नदीकडे बघत बसले.

याचा अर्थ मी हे लोकशिक्षणासाठी करतो असे नाही. तसे म्हटले तर पटकन सुटका होईल, पण ते अर्धसत्य होईल. मला यात मजा येते. तीन-शून्याच्या कुंचल्याने मिशी रंगवण्यात, फासा हातातून सुटण्याच्या आधीच्या क्षणात, रात्री बारा वाजता प्रतिस्पर्ध्याशी 'ही टेकडी दिसते की दिसत नाही' यावर भांडण्यात मजा येते. मराठी माणसाला कुठल्याही आनंदाला उपयोगाचे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय चैन पडत नाही, हे आपले जुने दुखणे आहे.

गेल्या दिवाळीचा तो डाव मी जुन्या प्रशियन पद्धतीने खेळवला होता. गावांची नावे बदललेली, नकाशा आरशात पाहावा तसा उलटा, एक मुलगा माजघरात, दुसरा सोप्यावर, आणि मी मधला पंच. ज्याला जेवढे दिसेल तेवढेच त्याला सांगणार. शिंद्यांकडून खेळणाऱ्या नववीतल्या पोराने उतारावर पहारा ठेवला नाही. का, विचारले तर म्हणाला, "वाटाड्या म्हणाला ना, उतार नाही!" हरल्यावर मी त्याला खरी नावे सांगितली. तो गप्प झाला. शिंदे-भोसले रणांगण सोडून गेले, मागाहून गोलंदाज तोफांशीच मारले गेले, हे ऐकल्यावर त्याने विचारले, "सर, सरदार गेल्यावर ते का थांबले?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. माझ्या चाळीस वर्षांच्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

परीक्षकमहाशय, यंदाही टेबल मांडलेले आहे. पाडव्याला संध्याकाळी या. तो पोरगा या खेपेला वेलस्ली होणार म्हणून हटून बसला आहे. शिंद्यांची बाजू मोकळी आहे. गोलंदाजांचे कमरबंद रंगवायचे राहिलेत, तेवढे तुम्ही येईपर्यंत उरकतो.