हलाखीचं श्रेय

‘हलाखीतूनच मोठा खेळाडू घडतो’ असं अलिबाग-मुरुडच्या पुळणीवर टेनिसच्या चेंडूने खेळणाऱ्या पोरांना सांगणं मला अन्यायाचं वाटतं. ब्रिटिश काळातले दलित गोलंदाज बाळू पालवणकर पुण्यात कोवळ्या वयात महिना तीन-चार रुपयांवर क्लबची खेळपट्टी राखत, साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करत. बॅट मात्र हाती मिळत नसे. ग्रेगसारख्या इंग्रज फलंदाजापुढे रोज चेंडू टाकूनच ते तयार झाले, हे खरं. पण त्यांना घडवलं ते सरावाने, हलाखीने नव्हे. अमेरिकेच्या बेसबॉलपटू बेब रूथलाही सातव्या वर्षी घरच्यांनी सुधारशाळेत धाडलं; तिथे त्याला बेसबॉलचं मैदान मिळालं, ब्रदर मथायससारखा गुरू लाभला, म्हणून तो घडला. बाळूंनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, तरी मुंबईच्या धर्मवार संघांच्या स्पर्धेतल्या हिंदू संघाच्या कर्णधारपदासाठी जात आडवी आली. आणि फलंदाज म्हणून ते कुठवर गेले असते, हे आता कुणालाच कळणार नाही.