त्यागाचें सोंग

अमेरिकन काँग्रेसच्या सामान्य सभासदाचें वार्षिक वेतन २००९ पासून १,७४,००० डॉलरच आहे. रक्कम लहान नव्हे, हें खरें. परंतु मतदारसंघांत एक बिऱ्हाड आणि महागड्या वॉशिंग्टनमध्यें दुसरें, असा दुहेरी संसार तीवर करावयाचा असतो. कित्येक सभासद तर कचेरींतच पथारी पसरतात! तरीहि महागाईनुसार होणारी वाढ नाकारून त्यागाचा डंका पिटला जातो. मग २०२३ पासून कनिष्ठ सभागृहाच्या सभासदांस निवासभोजनाचा खर्च भरून मिळूं लागला, तो कशासाठीं? १९९२ च्या घटनादुरुस्तीप्रमाणें वेतनवाढ पुढील निवडणुकीनंतरच अंमलांत येते. म्हणजे निवाडा मतदाराच्याच हातीं. असें असतां उघड मागावयास भय कसलें? या सोंगाची झळ धनिकास लागत नाहीं. ती लागते निर्धन प्रतिनिधीस.