विश्लेषण : दुधातला युरिया गोठ्याबद्दल काय सांगतो?

दुधात युरिया म्हटले की आपल्याला भेसळच आठवते. पण भेसळ नसलेल्या दुधातही थोडा युरिया असतो, कारण तो गाईच्या शरीरात तयार होतो. म्हणूनच अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दुधातील युरियाची मर्यादा शून्य न ठेवता दहा लाख भागांत ७०० भाग अशी ठेवली आहे. नेमका आहार मिळणाऱ्या गाईच्या दुधात हा आकडा साधारण २०० ते ३५० असतो. त्याच्या वर सरकला, तर गाईला प्रथिने गरजेपेक्षा जास्त मिळत असण्याची दाट शक्यता असते. मोठ्या प्रकल्पांतील इन्फ्रारेड यंत्रे फॅटबरोबर युरियाही मोजू शकतात. तरी उत्पादकाच्या पावतीवर दिसतात ते फॅट, एसएनएफ आणि दर.

हा युरिया येतो कुठून?

गाईच्या कोठीपोटातील जिवाणू खाद्यातली प्रथिने फोडतात, त्यातून अमोनिया तयार होतो आणि तोच वापरून ते स्वतःची प्रथिने बनवतात. या कामाला ऊर्जा लागते, म्हणजे मका भरडा किंवा चांगला मुरघास. पेंड भरपूर आणि ऊर्जा तोकडी असली, की अमोनिया उरतो, रक्तात जातो आणि यकृत त्याचा युरिया करते. तो बहुतांश मूत्रातून आणि थोडा दुधातून बाहेर पडतो. खाल्लेल्या नायट्रोजनपैकी जेमतेम चौथा हिस्सा दुधात उतरतो.

हिशेब करून पाहा. एक किलो सरकी पेंडीत २२ टक्के प्रथिने धरली, तर त्यात सुमारे ३५ ग्रॅम नायट्रोजन असतो. रोज एक किलो पेंड गरजेपेक्षा जादा पडत असेल, तर वर्षाला २८ किलो युरियाइतका नायट्रोजन वाया जातो. म्हणजे ४५ किलोच्या पोत्यातला निम्म्याहून अधिक. तोही पेंडीच्या भावाने घेतलेला! शिवाय दुधातला युरिया फार वाढला, तर गाय गाभण राहायला त्रास देते, वारंवार उलटते.

मूत्र शेणात मिसळले की युरियाचा पुन्हा अमोनिया होतो. बंद गोठ्यात डोळे झोंबतात ते त्यानेच. हवेत त्यापासून सूक्ष्म धूलिकण बनतात. जमिनीत गेलेल्या नायट्रोजनपैकी काही नायट्रेट होऊन विहिरीत झिरपतो, काहीचा नायट्रस ऑक्साइड होतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो.

सक्ती का नको?

नेदरलँड्सने सक्ती करून पाहिली. तिथे २०१९ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारचे नायट्रोजन धोरण रद्द ठरवले, ट्रॅक्टर रस्त्यावर आले. २०२० मध्ये कृषिमंत्री कॅरोला स्कॉटेन यांनी पशुखाद्यातील प्रथिनांवर मर्यादा घालायचे ठरवले. जनावरांच्या आरोग्याला धोका होईल, असे शेतकऱ्यांनी ठणकावले आणि लागू होण्याआधीच, ऑगस्टमध्ये, नियम मागे घ्यावा लागला. पोत्यावरच्या नियमाला गोठ्यात कोणता चारा आहे हे कळत नाही, ही त्यातली खरी अडचण होती.

आपल्याकडे याहून शहाणा मार्ग वापरून झाला आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहार कार्यक्रमात गावातलाच प्रशिक्षित माणूस जनावराचे वजन, दूध आणि उपलब्ध चारा पाहून संगणकावर सर्वांत स्वस्त पुरेसा आहार काढून द्यायचा. गोठ्यांतील चाचण्यांत खाद्यखर्च घटला आणि दर किलो दुधामागचा मिथेनही दहा टक्क्यांहून अधिक कमी झाला. ज्या राष्ट्रीय डेअरी योजनेतून हे काम पसरले, तिचा पहिला टप्पा २०१९ मध्ये संपला.

ते काम दूध संघांनी पुढे न्यायला हवे. महिन्यातून एकदा प्रत्येक उत्पादकाच्या दुधातला युरिया मोजावा, आकडा मोबाइलवर पाठवावा आणि सोबत सल्ला द्यावा. अडचण एवढीच, की अनेक संघ स्वतःच पशुखाद्य विकतात. ‘पेंड कमी करा’ हा निरोप त्यांच्याच विक्रीला कात्री लावतो. म्हणून मोजणी आणि सल्ला खाद्यविक्रीपासून वेगळा ठेवण्याची अट सरकारने घालावी. दूध अनुदानाशी ती जोडता येईल.

मात्र ‘पेंड कमी’ हा सल्ला सरसकट देऊ नये. उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर किंवा उसाच्या वाढ्यांवर उभ्या जनावराला प्रथिनेच कमी पडतात. मराठवाडा-विदर्भातल्या अनेक गोठ्यांत दुधातला युरिया खूप खाली येईल, आणि तिथे सल्ला पेंड वाढवण्याचाच असेल. दूध वाढले की दर लिटरमागचा मिथेनही उतरतो.