पोरांना मैदान द्या

पहाटे शिवारात निघालो की भरतीची तयारी करणारी पोरं डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात. शेजारून उसाच्या ट्रॉल्या जातात, काळजात धस्स होतं. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षं नुसतं पळणं नसतं. पोहणं, घोडेस्वारी, सांघिक खेळ आणि पाठीवर ओझं घेऊन सह्याद्रीतली शिबिरं असतात. एका शिबिराला तर तोरण्याचंच नाव आहे. मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडीही तिथून बाहेर पडली. विहिरीत पोहणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या आपल्या पोरापोरींना हे जड नाही. मात्र लेखी परीक्षेत गणित असतं, ते आधी पक्कं हवं. सरपंच, ग्रामसेवकांनी शाळेजवळची जागा मुरूम टाकून सपाट करून द्यावी. एवढं तरी गावानं करावं!