व्हायवात विचारा, म्हणजे ओपीडीत विचारलं जाईल

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



2019 मध्ये आपल्या विद्यापीठाने एमबीबीएसच्या न्यायवैद्यकशास्त्रातून ‘कौमार्याच्या खुणा’ हा भाग वगळला. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी त्यातली अशास्त्रीयता पुराव्यानिशी मांडली होती, ती विद्यापीठाने मान्य केली. बाईच्या शरीराबद्दल काय शिकवू नये, ते तेव्हा ठरलं. काय शिकवायला हवं, यातल्या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहिते आहे.

मी तालुक्याच्या गावात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. विषय आहे शरीरसंबंधाच्या वेळी बाईला होणाऱ्या वेदनेचा. या दुखण्यावर उपचार आहेत. बहुतेक बायकांना त्यांनी आराम पडतो आणि त्यातले बरेचसे स्वस्तही आहेत. तरी ते बायकांपर्यंत पोचत नाहीत, कारण बाई सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाही. बाईच्या न सांगण्याची कारणं घरात, समाजात आहेत. डॉक्टरच्या न विचारण्याचं कारण मात्र आपल्या अखत्यारीत येतं: त्याला विचारायला कोणी शिकवलेलंच नाही.

हे दुखणं ओपीडीत स्वतःच्या नावाने येत नाही. बाई अंगावरून पांढरं जातं म्हणून येते, कंबर भरून येते म्हणून येते, ‘पिशवीला सूज आहे का बघा’ म्हणते. जोडपं येतं ते मूल होत नाही म्हणून. सोबत जाडजूड फाइल असते. तिच्यात सोनोग्राफी, हार्मोन्सच्या तपासण्या, नवऱ्याचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट, सगळं असतं. लग्नानंतर संबंध एकदाही पूर्ण झालेला नाही, एवढीच नोंद नसते. काहींच्या बाबतीत तर गाडी थेट आययूआयपर्यंत, म्हणजे वीर्य गर्भाशयात सोडण्याच्या उपचारापर्यंत, गेलेली असते. आणि चुकून एखादीने तोंड उघडलंच, तर तिला ‘सवय होईल’, ‘मन घट्ट कर’, ‘एक मूल झालं की सगळं जागेवर येतं’ हे ऐकावं लागतं. दुसऱ्या कुठल्या दुखण्यावर असा सल्ला दिला, तर आपण त्या डॉक्टरला नापास करू.

पहिला प्रश्न असतो, दुखतं कुठे? तोंडाशी की आत खोल? एवढं विचारलं तरी निदानाची निम्मी वाट सरते.

तोंडाशीच अडतं, पुढे जातच नाही, तपासणीसाठी हात लावायला गेलं तरी बाई मांड्या आवळते, तेव्हा बहुधा व्हजायनिस्मस असतो. डोळ्यापाशी काही आलं की पापणी जशी आपोआप मिटते, तसे योनीभोवतीचे स्नायू तिच्या इच्छेविरुद्ध आवळले जातात. तिला नवरा आवडत नाही म्हणून नव्हे आणि ती नखरे करते म्हणूनही नव्हे. अशा बायकांना भूल देऊन ‘वाट मोठी करण्याचे’ प्रकार आजही होतात. वाट लहान नसतेच, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही आवळणं तसंच राहतं, वर भीतीची भर पडते. खरा उपचार पायरीपायरीने जातो. आधी आरशात स्वतःचं शरीर ओळखणं, मग श्वास सोडत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल सोडायला शिकणं, मग स्वतःचं एक बोट, मग चढत्या आकाराच्या गुळगुळीत नळ्या, म्हणजे डायलेटर. सोबत भीतीवर काम करणारं समुपदेशन असतं आणि नवऱ्यालाही त्यात बसवावं लागतं. याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. डायलेटर तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत, पण सुरुवात स्वतःच्या बोटाने करता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आत काही जाण्याआधीच, नुसत्या स्पर्शाने, सायकल चालवताना किंवा घट्ट कपड्यांनीही आग होत असेल, तर विचार वेगळा करावा लागतो. योनीच्या तोंडाशी कापसाची काडी अलगद टेकवत गेलं की नेमकी दुखरी जागा सापडते. ही तपासणी मिनिटभराची आहे. इथल्या मज्जातंतूंचं हुळहुळेपण लिडोकेनच्या मलमाने, कमी मात्रेतल्या अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्यांनी आणि फिजिओथेरपीने कमी होऊ शकतं. शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते, तीही सगळ्यांत शेवटी. पुन्हा पुन्हा खाज आणि आग होणाऱ्या बाईला दर वेळी न तपासता बुरशीचं औषध लिहून दिलं जातं. एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं, रक्तातली साखर पाहावी, आणि जाहिरातीतले ‘व्हजायनल वॉश’ बंद करायला सांगावं. काहींची आग त्या वॉशनेच होत असते. योनीबाहेरच्या त्वचेवर पांढरा डाग दिसला की कोड समजून सोडून देतात. तो लायकेन स्क्लेरोसस हा त्वचाविकार असू शकतो आणि त्यावर तीव्र स्टेरॉइड मलम चांगलं लागू पडतं.

खोल दुखतं, विशिष्ट स्थितीत जास्त दुखतं, पाळीच्या आसपास असह्य होतं, असं ती म्हणाली तर एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, आठवायला हवा. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तो नाही, असं होत नाही. डायनोजेस्टसारख्या हार्मोनच्या गोळ्या किंवा गरजेप्रमाणे दुर्बिणीची शस्त्रक्रिया, हे दोन्ही उपचार आपल्याकडे होतात. ओटीपोटातला जुना जंतुसंसर्ग, बीजकोशातली गाठ, गर्भाशयाचा क्षय हेही याच रांगेतले आणि प्रत्येकाचा उपाय निराळा.

बाळंतपणानंतरचा काळ तर आपण सरळ विसरूनच गेलो आहोत. अंगावर पाजणाऱ्या आईच्या शरीरात इस्ट्रोजेन कमी असतं, योनी कोरडी पडते, टाक्याची जागा ओढते. सीझर झालेल्या बायकांनाही हा त्रास होतो. सहाव्या आठवड्यात आपण बाळाचं वजन विचारतो, दूध पुरतं का विचारतो, पाळणा लांबवायचं काय ठरलं ते विचारतो. पुन्हा संबंध सुरू झाल्यावर दुखतंय का, हे विचारत नाही. पाण्यावर आधारित जेल आणि व्रणाला हलका मसाज यांनी बहुतेकींचं भागतं. कोकणात घरोघरी खोबरेल हाताशी असतं आणि बाया तेच वापरतात. त्याला माझी हरकत नाही. मात्र निरोध वापरत असाल तर तेलाने लेटेक्स कमकुवत होऊन तो फाटू शकतो, हे सांगणारं कोणीतरी हवं.

पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा हा आणखी मोठा वर्ग. जेल आणि मॉइश्चरायझरने भागलं नाही, तर योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रिऑल क्रीम असतं. दोन-तीन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. ते रक्तात फार थोडं उतरतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईने मात्र आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञाला विचारावं. या साध्या क्रीमऐवजी शहरांत ‘लेझर’ विकला जातो. अमेरिकेच्या एफडीएने 2018 मध्येच अशा उपकरणांच्या प्रचाराबद्दल इशारा दिला होता. 2021 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत, पाळी गेल्यानंतरच्या या त्रासावर खरा लेझर आणि नुसतं लेझर दिल्याचं नाटक यांत वर्षभरानंतर फरक दिसला नाही. आपले विद्यार्थी हे वाचतील तर पेशंटचे पैसे वाचतील.

हाच कोरडेपणा अकाली कसा येतो, हे पाहायला आता बीड जिल्ह्याकडे या. 2019 मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने ऊसतोडणी करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी केली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यावर चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण पिशवीबरोबर बीजकोशही गेले तर बाईचं इस्ट्रोजेन एकाएकी तुटतं, आणि बीजकोश ठेवले तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. तिशी-पस्तिशीतल्या त्या बाईला पुढे कोरडेपणा येईल, संबंध दुखेल, त्यावर क्रीम मिळतं, हे टाके काढायला आल्यावर कोणी सांगितलं असेल का? शस्त्रक्रिया करणारा हात शिकवला आपण; पुढचं सांगायला मात्र शिकवलं नाही.

बाईचं दुखणं असं दुर्लक्षित राहणं महाराष्ट्राला नवीन नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली आणि 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. 92 टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी तपासणी आणि उपचार मिळालेल्या होत्या फक्त 8 टक्के. जगभर गाजलेला हा अभ्यास आपल्याच राज्यातला आहे. त्यातून आपण जंतुसंसर्ग शोधायला शिकलो, पण वेदना विचारायला अजून शिकायचं आहे.

हे सगळं आपल्यालाच का लिहिते आहे, तेही सांगते. एमबीबीएसचा आराखडा दिल्लीहून राष्ट्रीय वैद्यक आयोगाकडून येतो, हे मला माहीत आहे. पण या दुखण्याला लागणारी सगळी माणसं एकाच छताखाली घडवणारी राज्यातली सर्वांत मोठी संस्था म्हणजे आपलं विद्यापीठ. स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, मनोविकारतज्ज्ञ, आयुर्वेदाचे वैद्य, यांतल्या बहुतेकांच्या पदव्यांवर शिक्का नाशिकचाच. आज यांतलं क्वचितच कोणी दुसऱ्याकडे पेशंट पाठवतं. फिजिओथेरपीची कॉलेजं राज्यभर आहेत, तरी पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं, काम करणारी फिजिओ शोधायला माझ्या पेशंटला मुंबई-पुण्याची एसटी धरावी लागते. त्यातून तिला कोणीतरी ‘केगल कर’ म्हणून सांगितलेलं असतं. ज्या स्नायूंना सैल सोडायचंय तेच ती महिनोन्महिने आवळत बसते आणि दुखणं वाढवून घेते.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत.

पहिली, स्त्रीरोगाच्या प्रॅक्टिकलमध्ये हिस्टरी घेताना ‘संबंधाच्या वेळी दुखतं का?’ हा प्रश्न विचारल्याचे गुण ठेवा. तो नवऱ्याला आणि सासूला बाहेर बसवून विचारला का, याचेही ठेवा. ‘लग्न झालंय का?’ हा त्याला पर्याय धरू नका. अविवाहितेला, विधवेला, घटस्फोटितेलाही शरीर असतं. आपण सगळे परीक्षार्थी आहोत. व्हायवात जे विचारतात तेच आम्ही ओपीडीत विचारतो.

दुसरी, तपासणी शिकवताना संमती शिकवा. आधी काय करणार ते सांगणं, एका बोटाने सुरुवात करणं, ती ‘थांबा’ म्हणाली की थांबणं, आणि आज जमलं नाही तर पुढच्या वेळेला ठेवणं. दुखण्यासाठी आलेल्या बाईला तपासणीतच दुखवलं, तर ती पुन्हा येत नाही.

तिसरी, स्त्रीरोग, फिजिओथेरपी आणि मानसशास्त्र यांचा एकत्रित फेलोशिप किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करा, आणि संलग्न रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस अशी संयुक्त ओपीडी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात हे दुखणं 2022 पासून मानसिक विकारांच्या प्रकरणात नाही, लैंगिक आरोग्याच्या स्वतंत्र प्रकरणात आहे. आपल्या वर्गांतही ते तिथेच शिकवलं जावं.

चौथी, आयुर्वेद आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना यात घ्या. खेड्यात बाई पहिल्यांदा त्यांच्याकडेच जाते. सुश्रुताने सांगितलेल्या वीस योनिव्यापदांमध्ये, म्हणजे स्त्रीरोगांमध्ये, ‘परिप्लुता’ आहे आणि संबंधाच्या वेळची तीव्र वेदना हे तिचं लक्षण आहे. पाठ करून घेतलेला हा आजार समोर बसलेल्या बाईत ओळखता यावा आणि आपल्या हाताबाहेरचं असेल तर पुढे पाठवता यावं.

आणखी एक गोष्ट या शिक्षणात स्पष्ट असावी. उपचाराचा हेतू बाईला सोसायला तयार करणं हा नाही. तिला संबंध नको असेल, घरात जबरदस्ती असेल, तर तिथे डायलेटर आणि क्रीम हे उत्तर नव्हे. तिथे तिच्या सुरक्षिततेचा विचार आधी. दुसरीकडे, संबंध न झाल्याने मोडलेली लग्नं कोर्टात जातात. हिंदू विवाह कायद्याचं कलम 12 जोडीदाराच्या नपुंसकत्वामुळे संबंध न झालेलं लग्न रद्द करू देतं, आणि व्हजायनिस्मस असलेल्या बाईवरही ते वापरलं जातं. वर्षभरात बरं होऊ शकणाऱ्या आजाराची अशी जाहीर तपासणी होते, कारण आधी खासगीत ती कोणी केलेली नसते.

याला नवी इमारत लागत नाही, महागडं यंत्र लागत नाही. विद्या परिषदेच्या एका बैठकीत विषय मांडला जाऊ शकतो, आणि येत्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या गुणपत्रकात एक ओळ वाढवता येते. अभ्यासक्रम बांधायला मदत लागली तर मी आणि माझ्यासारख्या तालुक्याच्या गावांतल्या अनेकजणी विनामानधन यायला तयार आहोत. बैठकीची तारीख तेवढी कळवा.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक स्त्रीरोगतज्ज्ञ