पाइपात पाणी नको, केमिकलही मोजून

सुरतच्या पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलमध्ये पॉलिएस्टरला रंग चढवताना बाथमध्ये एक तपकिरी भुकटी घालतात. रंगाचे बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होऊ नयेत आणि कापडावर डाग पडू नयेत, एवढंच तिचं काम. रसायनशास्त्रात तिला सल्फोनेटेड नॅप्थलीन फॉर्मल्डिहाइड म्हणतात. त्याच कुळातलं द्रव्य शेजारच्या भेस्तानमध्ये स्लॅबच्या काँक्रीटमध्येही पडतं आणि तिथे सिमेंटचे कण सुटे ठेवतं. उधना ते सचिन या पट्ट्यात एक भाऊ डाइंगमध्ये आणि दुसरा स्लॅबवर अशी खानदेशी कुटुंबं आहेत. दोघांच्या हाताला लागणारं केमिकल एकाच घराण्यातलं असतं.

तरीही साइटवर घरमालकाला संशय येतो तो केमिकलचा. पाण्याचा कुणाला येत नाही. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पंपाच्या हॉपरपाशी सोडलेलं पाणी स्लॅबचं जेवढं नुकसान करतं, तेवढं मोजून घातलेलं केमिकल कधीच करत नाही.

मे महिन्यात भेस्तान स्टेशनच्या पलीकडे एका इमारतीचा स्लॅब भरताना हे समोर घडलं. प्लांटवरून निघालेली काँक्रीटची गाडी रहदारीत अडकून दुपारी पोचली. ड्रमला हात लावला तर चटका बसत होता. पहिला माल हॉपरच्या जाळीवर ढेकळासारखा बसला. मिस्त्री म्हणाला, "दादा, माल कडक येऊन राहिला. थोडं पाणी सोडू द्या, नाहीतर लाइन जाम होईल." त्याची काळजी खरी होती. लाइन जाम झाली की क्लॅम्प खोलून पाइप मोकळे करायला त्याचीच माणसं लागतात, आणि तोवर भरलेल्या भागाला सांधा पडतो. ड्रायव्हरने नळी लावलीसुद्धा.

आता हिशेब बघा. गाडीत 6 घनमीटर माल आहे. दर घनमीटरला 360 किलो सिमेंट आणि 162 लिटर पाणी, म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर 0.45. नळीतून गेलेलं पाणी 120 लिटर धरा. घनमीटरमागे 20 लिटर वाढले आणि गुणोत्तर 0.50 च्या वर गेलं. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात 'मध्यम' हवामान-परिस्थितीतल्या आरसीसीसाठी 0.50 हीच वरची मर्यादा आहे. गाडी प्लांटवरून निघाली तेव्हा नियमात होती, स्लॅबवर चढली तेव्हा नव्हती. गाडीसोबतच्या चलनावर मात्र 0.45 च लिहिलेलं राहिलं.

शिवाय पाण्याने पंपाचं काम सोपं होतंच असं नाही. पाइपात काँक्रीट ढवळत जात नाही. खडीचा गाभा अख्खाच्या अख्खा पुढे सरकतो आणि पाइपाच्या भिंतीलगत सिमेंट, बारीक रेती आणि पाण्याचा पातळ थर असतो, त्यावरून तो घसरतो. सारी मदार या थरावर असते. पंप सुरू करताना आधी स्लरी सोडतात ती याचसाठी. पाणी जास्त झालं की दाबाखाली ते चिकटा घेऊन पुढे पळतं, मागे खडी कोरडी पडते आणि पहिल्याच बेंडला अडकते. जाम होऊ नये म्हणून सोडलेल्या पाण्यानेच लाइन जाम होते, ती अशी.

केमिकल काय करतं ते आता बघा. सिमेंटचे कण पाण्यात पडले की गुठळ्या करतात आणि त्या गुठळ्यांत पाणी कोंडून राहतं. नॅप्थलीनवालं केमिकल कणांना सारखाच विद्युतभार देऊन एकमेकांपासून दूर लोटतं. 1980 च्या दशकात जपानमधून पुढे आलेलं पॉलिकार्बॉक्सिलेट म्हणजे पीसीई कणाला चिकटतं, आणि त्याच्या लांब बाजूच्या साखळ्या शेजारच्या कणाला जवळ येऊ देत नाहीत. कोंडलेलं पाणी सुटतं आणि भिंतीलगतचा थर निसरडा होतो, वरून थेंबभर पाणी न घालता. उन्हाळ्यात सोबत माल घट्ट होणं लांबवणारं ग्लुकोनेटसारखं रिटार्डर घातलं की ही अवस्था गाडी पोचेपर्यंत टिकते.

पण पीसीई लाडाचं आहे. डोस थोडा चढला की माल फुटतो, वर पाणी तरंगतं आणि खडी तळाला बसते. कमी पाण्याच्या मालात आणखी एक फसगत होते: मालाचा सैलपणा मोजणाऱ्या स्लंप कोनातून माल छान पसरतो, पण तोच माल मधासारखा चिवट असतो आणि पाइपात शिरला की पंपाच्या दाबाचा काटा चढत जातो. नुसता स्लंप बघून पंपाला हिरवा कंदील दाखवणं मला म्हणूनच पटत नाही. पहिल्या गाडीला दाबाचा काटाही लिहून ठेवायला हवा.

आपल्याकडे याहून मोठी गोम रेतीत आहे. तापीची रेती कमी पडू लागल्यापासून काम दगड फोडून केलेल्या क्रश सँडवर चालतं, आणि सुरतच्या पूर्वेपासून साऱ्या खानदेशात दगड एकच, काळा बेसाल्ट. तो कुजला की त्यात स्मेक्टाइट जातीची चिकणमाती तयार होते. ही माती पीसीईच्या साखळ्या आपल्या पापुद्र्यांत ओढून घेते. केमिकल सिमेंटपर्यंत पोचतच नाही. काल चाललेला डोस आज चालेनासा होतो, कारण खाणीतून आलेली डस्ट बदललेली असते. साइटवाले केमिकल कंपनीला शिव्या घालतात आणि नळी उचलतात. मिथिलीन ब्लूची साधी चाचणी ही माती दाखवून देते. ती प्लांटवर रेतीच्या प्रत्येक नव्या खाणीमागे व्हावी, असा माझा आग्रह आहे.

नवसारीजवळ बुलेट ट्रेनचे 40 मीटर लांबीचे, सुमारे 970 टनांचे गर्डर ओतले गेले. तिथे हे सगळं तपासायला प्रयोगशाळा होती. भेस्तानच्या चार मजली इमारतीवर निर्णय मिस्त्रीच्या आणि पंप ऑपरेटरच्या गळ्यात पडतो, आणि परत पाठवलेल्या गाडीचे पैसे कुणी भरायचे ते कुठेच लिहिलेलं नसतं. ते लिहा. माल कडक आला तर प्लांटच्या माणसानेच, ट्रायलमध्ये ठरलेला केमिकलचा जादा डोस मोजून घालायचा, ड्रम वेगात फिरवायचा आणि चलनावर नोंद करायची. तरीही माल पंपाजोगा नसेल तर गाडी परत, आणि तिचा भुर्दंड मिस्त्रीवर नाही. सदनिका बुक करणाऱ्यांनी बिल्डरकडे टाइल्सचा ब्रँड विचारतात तसा या चलनांचा गठ्ठाही मागावा.