खुंटीवरचा हात

माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात आमच्या घरात खुंटीला टांगलेला आहे. प्लास्टिकचा. अमरावतीच्या एका शिबिरात मिळाला. हार झाले, भाषणं झाली, फोटो निघाला. खरा हात अकोला जिल्ह्यात सोयाबीन काढताना मळणीयंत्रात गेला. डॉक्टरांनी जीव वाचवला, टाके काढले अन् म्हटलं, जा घरी.

घरी जाऊन काय करायचं? कापलेला हात पुढचे काही महिने आकसत जातो. त्याला पट्टी बांधायची, कोपर-खांदा हलता ठेवायचा, पुन्हा माप घेऊन खोबण बदलायची. शिबिर तर एका दिवसात उठलं. खोबण सैल झाली. दुरुस्तीला जायचं म्हणजे एसटीचं भाडं अन् बुडालेली मजुरी. भाऊ म्हणाला, "हात देल्ला बाप्पा त्यायनं, पन ह्या हातानं इळा धरता येत नाही. मंग ठेवला खुंटीले."

शेतकरी अपघातासाठी सरकारी योजना आहे. ती सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याच्या घरासाठी. यंत्र मालकाचं, पीक मालकाचं, सातबारा मालकाचा. हात तेवढा आमचा! धोकादायक यंत्रांचा कायदा 1983 पासून आहे. आमच्या गावात तो कोणी पाहिला?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 27 वं कलम सांगतं, सरकारनं पुनर्वसनाच्या सेवा द्याव्यात. पण आपल्या आर्थिक कुवतीत राहून. कुवत! ही कुवत नेमकी आमच्या दारात येऊनच कशी संपते?

मित्रांनो, आता आपल्याकडं बोट. 1927 साली अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, अंबादेवीच्या दाराचा सवाल उठला. दार म्हणजे हक्क, हे आपण तिथं शिकलो. अन् आज? मोर्चात भावाला आपण पुढं उभं केलं. त्याच्या रिकाम्या बाहीवर घोषणा दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत तहसीलला कोण गेलं? मीही नाही गेलो. आपल्या बैठका अजून जिना चढूनच होतात. कुबडीवाला खालीच बसतो.

म्हणून मागणी लिहून घ्या. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. जिल्ह्याला हातपाय बनवणारी, दुरुस्त करणारी कायमची कार्यशाळा. उपचाराच्या दिवसाचं भाडं अन् मजुरी. यंत्रावरच्या प्रत्येक मजुराचा विमा, सातबारा न विचारता.

शिबिराचा हार आता पुरे. पुढची बैठक जिन्याखाली घ्या. भाऊ येईल.

जयभीम.